डोळे शेवटी

१४ ऑक्टोबर

ही डायरी ममताच्या लॅबला कुठल्याशा औषधकंपनीने दिलेली. वर्ष सरत आलं तरी कोरीच होती. ममता म्हणाली, नवीन धंदा काढतोयस तर यात लिहीत जा, म्हणजे रोज रात्री माझं डोकं खाणार नाहीस. आमच्याकडे बायकोचा सल्ला असाच मिळतो.

तर आजपासून मीरा रोडच्या हाटकेश भागातला अर्धा गाळा माझा. उरलेल्या अर्ध्यात एक जण बाटल्यांची झाकणं पाडतो, त्यामुळे दिवसभर खटखट. मी इथे बाहुल्या रंगवणार. बाहुल्या म्हटलेलं मला आवडत नाही, पण इमारतीत सगळे तेच म्हणतात. टेबलावर डोंगर-किल्ले मांडून, फासे टाकून युद्धाचे खेळ खेळतात, त्यातले हे सैनिक, घोडेस्वार, राक्षस. अंगठ्याच्या पेराएवढे. राखाडी प्लॅस्टिकचे येतात आणि हौशी लोकांना ते रंगवून हवे असतात. ऑफिसात असताना मी रविवारी हेच करत बसायचो. ऑफिसने नारळ दिला, तेव्हा म्हटलं आता हौसेलाच कामाला लावू.

खरं कारण मात्र धंदा नाही. बाबा आहेत. आई मागच्या वर्षी गेली आणि तेव्हापासून ते खिडकीशी बसून असतात. जन्मभर लालबागच्या कारखान्यात त्यांनी गणपतीचे डोळे आखले. मूर्ती कुणीही रंगवो, डोळे दत्तारामने आखायचे, असा तिथला रिवाज होता. आम्ही मीरा रोडला आलो तरी दर वर्षी मालक त्यांच्यासाठी गाडी पाठवायचा. यंदा त्यांनी गाडी रिकामी परत पाठवली. पुरे झालं म्हणाले.

मला त्यांच्या हातात परत ब्रश बघायचाय. धंद्याचं काय, चालला तर चालला.

२१ ऑक्टोबर

आज बाबांना गाळ्यावर आणलं. मला वाटलं होतं, बाहुल्या बघून नाक मुरडतील. तसं झालं नाही. एक सरदार तळहातावर घेतला आणि अंगठ्याचं नख त्याच्या अंगरख्यावरून कितीतरी वेळ फिरवत राहिले. म्हणाले, "चुण्या झकास पाडल्यात." मी हवेत.

मग मी त्यांना आमची पद्धत सांगायला गेलो आणि पहिल्याच वाक्याला भांडण. या छोट्या सैनिकांचे डोळे सगळ्यात आधी रंगवतात. चेहरा टोपाच्या आत खोल असतो, रंग हमखास पसरतो, मग वरून कातडीचा रंग लावून सावरता येतं. साधी सोय आहे.

बाबांनी सरदार खाली ठेवला. "डोळे शेवटी."

"अहो पण जगभर..."

"आधीच डोळे उघडलेस तर तो बाकीचं काम बघत बसेल. उघड्या डोळ्यांच्या माणसाला कपडे चढवायचे?"

कारखान्यातही तसंच होतं. सगळी मूर्ती झाली की सकाळी आंघोळ करून, कुणाशी न बोलता ते डोळ्यांना बसायचे. मी लहानपणी दाराबाहेर उभा राहून ते बघितलंय. म्हटलं, ठीक आहे, तुमच्या पद्धतीने. रंगाचं अस्तर मी देतो, कपडे आणि घोडे तुम्ही करा, डोळे सगळ्यात शेवटी. आणि आखणी तुम्हीच करायची, मी हात लावणार नाही.

ते माझ्या खांद्यापलीकडे रंगाच्या डब्यांकडे बघत राहिले. हल्ली हे नेहमीचंच झालंय. बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. चव्वेचाळीस वर्षांचा मुलगा बाहुल्या रंगवतो, याची लाज वाटत असेल.

५ नोव्हेंबर

ऑर्डर मिळाली, आणि चांगली मोठी. जितेश म्हणून मुलगा आहे, तिशीचा असेल, स्टेशनजवळच्या कॅफेत खेळांचा क्लब चालवतो. फेब्रुवारीत बंगळुरूला स्पर्धा आहे, तिथे त्याला अख्खी फौज न्यायचीय.

गाळ्यावर आला तेव्हा बाबा डोळे अर्धे मिटून एका घोड्याच्या आयाळीवर नख फिरवत होते. फिरवून झालं की ब्रश टेकवायचे. जितेश बघतच राहिला. "अंकल तो फील करके पेंट करतायत. यतीनभाई, ये कोई नहीं करता." मी लगेच व्हिडिओ काढून धंद्याच्या पेजवर टाकला. खाली लिहिलं, कारागीर आधी हाताने बघतो, मग डोळ्याने. संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठल्या देशांतून लोकांच्या वाहवा.

बाबांना वाचून दाखवल्या. फोन हातात घ्यायला मात्र तयार नाहीत. पेपरही आताशा मीच वाचून दाखवतो. बरं वाटतं. लहानपणी आमच्यात इतकं बोलणं कधी झालं नव्हतं.

१७ नोव्हेंबर

बाबा सकाळी म्हणाले, गाळ्याच्या दाराची चौकट वाकडी आहे, मधे पोट आलंय. मला काही तसं दिसेना. पण ज्या माणसाने आयुष्यभर मूर्तीची भिवई केसाएवढीही खालीवर होऊ दिली नाही, त्याच्या नजरेपुढे माझी काय पत्रास. सुताराला बोलावलं. त्याने ओळंबा सोडला, पट्टी लावली. "एकदम सीधा है साहब. चाचाजी को वहम हुआ है." बाबांनी त्याला पुन्हा ओळंबा सोडायला लावला.

सुतार गेल्यावर मी खूप हसलो. घरी येऊन ममताला सांगितलं, तीही हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "त्यांना चौकट वाकडी का दिसली पण?" म्हटलं, कलाकार माणूस.

२ डिसेंबर

खालच्या मजल्यावरच्या गुणवंतभाईंनी आज लिफ्टपाशी गाठलं. "यतीन, तुझे बाबा माझ्यावर नाराज हाय काय? सकाळी गार्डनमंदी एकदम समोर उभा राहून केम छो बोललो. माझ्या तोंडाकडे बघून पुढे चालला गेला."

मला शरम वाटली. हे दोघं रोज संध्याकाळी बाकावर बसायचे. घरी बाबांना विचारलं तर म्हणाले, "तो होता का? लक्ष नव्हतं." आई गेल्यापासून त्यांना माणसंच नकोशी झालीयत.

ममताचं म्हणणं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ या. मी म्हटलं, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीयत, आता काय उरलंय? आणि दिसत नसतं तर माणूस असे अंगरखे रंगवेल का? तिला मुद्दाम दोन सैनिक आणून दाखवले, एक माझा, एक त्यांचा. त्यांच्या कापडाला खरोखर वजन आहे. एका घोड्याला तपकिरीऐवजी हिरवट रंग दिलाय त्यांनी, पण तोही काय शोभतो. जितेशला फोटो पाठवला, तो म्हणाला, आर्टिस्टची मर्जी.

ममताने घोडा हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "बाबांना विचारलंस का, हिरवा मुद्दाम दिलात का म्हणून?"

असं कुणी विचारतं का?

२० डिसेंबर

फौज तयार आहे. फक्त डोळे बाकी. फळीवर ओळीने उभी आहे, चिलखतं चमकतायत, झेंडे फडकतायत, आणि चेहऱ्यांवर नुसता कातडीचा रंग. शेजारचा झाकणवाला आत डोकावून गेला, म्हणाला, डर लगता है भाई.

बाबांना म्हटलं, बसू या उद्या? म्हणाले, हात बसलेला नाही अजून. परवा म्हणाले होते, थंडीत रंग लवकर सुकतो. त्याआधी अमावस्या होती. मी घाई करत नाही. कारखान्यातही ते असेच अडून बसायचे. मालक हातापाया पडायचा, गिऱ्हाइकं ताटकळायची, पण मनात येईस्तोवर ते ब्रश उचलत नसत. पेजवर मी लिहिलंय, आमच्या घराण्यात डोळे शेवटी उघडतात, मुहूर्तावर. लोकांना ही गोष्ट फौजेपेक्षाही जास्त आवडलीय.

९ जानेवारी

आज मी बोललो त्यांना, आणि नको ते बोललो. जितेशचा रोज फोन. बाबांचं रोज उद्या. शेवटी तोंडातून गेलं, "तुम्हाला हे काम हलकं वाटतं, तर सरळ सांगा ना. गणपती आखलेल्या हाताने राक्षसांचे डोळे काढायचे, कमीपणा वाटतोय ना?"

"तसं नाही रे."

"मग माझ्याकडे बघून बोला."

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "बघतोच आहे."

मी दार आपटून बाहेर चहा प्यायला गेलो. परत आलो तर एक सैनिक नाकाच्या अगदी जवळ धरून, मान तिरकी करून, बारीक ब्रश त्याच्यासमोर नुसता हवेत फिरवत होते. सराव करत होते. मला बघून खाली ठेवला. म्हणाले, "येत्या रविवारानंतरच्या रविवारी बसतो. तुझ्या त्या मुलालाही बोलाव."

मला इतका आनंद झाला की माफी मागायची राहूनच गेली.

१९ जानेवारी

झालं ते लिहून काढतो.

सकाळी बाबांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. गाळ्यावर मी टेबल पुसून ठेवलं होतं, नवा ब्रश आणला होता, झाकणवाल्याच्या हातापाया पडून मशीन बंद ठेवायला लावली होती. जितेश कॅमेरा घेऊन आला. योगायोगाने आम्हा दोघांचेही शर्ट निळे. तो बाबांच्या डावीकडे उभा राहिला, मी उजवीकडे.

बाबांनी सरदार उचलला. टोपाच्या कडेवरून नख फिरवलं, नाकावर आणलं, तिथेच थांबले. मग काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि एका दमात, पूर्वीसारखे, दोन ठिपके दिले. हात कापला नाही. मी तो हात ओळखतो.

एक डोळा नाकाला चिकटून. दुसरा टोपावर, कानाच्या जागी.

बाबांचा चेहरा उजळलेला. सरदार जितेशपुढे धरून म्हणाले, "यतीन, बघ. जमलं ना?"

जितेशने कॅमेरा खाली केला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी उजवीकडून काहीतरी बोलायला हवं होतं. जमलं म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून "बाबा" एवढंच निघालं.

आवाज चुकीच्या बाजूने आला तसे ते वळले. पुन्हा जितेशकडे वळले. सरदार अजून पुढे धरलेला. मग हात हळूहळू खाली आला. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, नीट धुतला, बोटांनी त्याचं टोक केलं आणि जागेवर ठेवला. म्हणाले, "चल घरी."

जितेश खूप चांगला मुलगा आहे. जाताना म्हणाला, "मैंने कुछ रेकॉर्ड नहीं किया."

२१ जानेवारी

भाईंदरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ममताने सुट्टी घेतली. बाई तरुण आहेत, सावकाश बोलतात. त्यांनी बाबांच्या डोळ्यांत थेंब टाकले, बाहेर बसवलं, मशीनवर फोटो काढले. मग आम्हा दोघांना आत बोलावलं.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग गेलाय. डावा कधीचाच गेला होता, उजव्यावर ते भागवत होते. आता उजव्यातही आत रक्त झिरपून डाग पडलाय. कडेचं दिसतं, त्यामुळे चालता येतं, घरात वावरता येतं. समोरचं दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होतं. मोतीबिंदूचा याच्याशी काही संबंध नाही.

मग बाईंनी विचारलं, "सरळ रेषा वाकड्या दिसतात, असं कधी म्हणाले होते का? दार, खिडकी, विजेचा खांब?"

ममताने सांगितलं, नोव्हेंबरमध्ये.

"तेव्हा आला असतात तर इंजेक्शनांनी बरंच थोपवता आलं असतं. आता देऊ, पण उरलंय ते राखण्यासाठी. गेलेलं येणार नाही."

निघताना त्या आणखी एक म्हणाल्या. अशी माणसं बोलताना बाजूला बघतात. रागावू नका. बाजूला बघितलं की समोरचा माणूस त्यांना कडेने थोडाफार दिसतो.

रिक्षात बाबा मधे बसले होते. त्यांनी विचारलं, काय म्हणाल्या? ममताने सगळं खरं सांगितलं. मला ते जमलं नसतं.

२३ जानेवारी

आज विचारलं. का नाही सांगितलंत?

बाबा चहा पीत होते. कप रिकामा झाला तरी हातात धरून बसले. मग म्हणाले, "श्रावणातच कळलं होतं. म्हणून गाडी परत पाठवली. म्हटलं, आता खिडकीशी बसायचं. तेवढ्यात तू आलास. आखणी तुम्हीच करायची म्हणालास."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

"तू कधी काही मागितलं नव्हतंस माझ्याकडे. नोकरीही तुझी तू शोधलीस, घरही तुझं तू घेतलंस. पहिल्यांदाच मागितलंस." कप खाली ठेवून म्हणाले, "आणि गाळ्यावर यायला मिळत होतं. नाही म्हटलं असतं तर नेलं असतंस का?"

नेलं असतं, असं मी म्हणालो. खरं तर मला माहीत नाही. ते 'डोळे शेवटी' म्हणत राहिले आणि मी त्याला परंपरा म्हणत राहिलो, पेजवर मिरवत राहिलो. तीन महिने त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. आंधळा होत चाललेल्या माणसाचा व्हिडिओ काढून मी लोकांना दाखवला.

१० फेब्रुवारी

पहिलं इंजेक्शन झालं. बाबांनी हूं की चूं केलं नाही, मलाच चक्कर आली.

फौज मी पुरी केली. सरदाराचे दोन ठिपके पुसायला मन होईना, पण बाबाच म्हणाले, पूस, गिऱ्हाइकाचं काम आहे. सगळे डोळे मी आखले. ठीक झालेत. कुणी नाव ठेवणार नाही आणि कुणी थांबून बघणारही नाही. जितेश घेऊन गेला. हिरवा घोडा मी बदलून देतो म्हटलं, तर तो म्हणाला, वो नहीं दूँगा वापस.

पेजवरचा तो व्हिडिओ काढून टाकला.

बाबा रोज गाळ्यावर येतात. नव्या सैनिकांच्या अंगावर साच्याची बारीक रेघ राहिलेली असते, ती नखाने शोधून कानशीने घासून देतात. एकही रेघ सुटत नाही. पण ब्रशांच्या डब्याकडे त्यांचा हात जात नाही.

२ मार्च

डॉक्टर म्हणाल्या, उजवा आणखी उतरलाय. मधला डाग कडेकडे पसरतोय. एवढं अपेक्षित होतं, म्हणाल्या.

संध्याकाळी बाबा आणि मी गॅलरीत बसलो होतो. खाली गुणवंतभाई हाका मारत होते. आता ते आधी नाव सांगतात, मग केम छो. बाबांनी हात केला. मग मला म्हणाले, "एक गंमत सांगू? तुझी आई अजून स्वच्छ दिसते मला. नाकातली चमकी, कपाळावरची ती खोक, सगळं. ती काही जात नाही. तू मात्र दिसत नाहीस."

मी विचारलं, "मग मी बोलतो तेव्हा काय दिसतं?"

"आवाजाला चेहरा लावतो मी. कधी तुझा शाळेतला लागतो, मधे भांग पाडायचास तेव्हाचा. कधी कुणाचा तरी भलत्याचाच लागतो." ते गॅलरीच्या कठड्याकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडे बघायचा प्रयत्न करत होते. "परवा बराच वेळ आठवत बसलो, तू आता कसा दिसतोस ते. नाही जमलं. शेवटचं नीट बघितलं तेव्हा लक्ष देऊन बघितलं नाही. तू रोजचाच होतास."

मी म्हटलं, "शाळेतलाच ठेवा बाबा. तो बरा होता."

"ठेवतो," ते म्हणाले. "राहील तितके दिवस."